टाचण

ऐरोली, सेक्टर आठ. रात्रीचे पावणेदहा.
ओटा पुसून झाला. जेवणाच्या टेबलावर,
वरणाच्या डागाशेजारी, टाचणवही उघडते.

परीक्षेला अठ्ठावन्न दिवस.
आठ रविवार वजा, उरले पन्नास.
सराव परीक्षेचे नऊ. स्नेहसंमेलनाचे दोन,
एक नाचण्याचा, एक खुर्च्या मोजून परत करण्याचा.
प्रात्यक्षिकांचे तीन. मतदारयादीच्या कामाचे चार,
तेव्हा मी घणसोलीत दारोदार विचारत फिरणार,
या घरातलं कुणी वारलंय का, कुणी अठराचं झालंय का.
उरल्या बत्तीस तासिका,
तोंडातल्या दातांइतक्या,
आणि त्यातली अक्कलदाढ आधीच दुखते आहे.

वर्गसमीकरणे, पाच.
अंकगणिती श्रेढी, चार. ती मुलांना आवडते,
पायरी ठरलेली, दर वेळी तेवढीच चढायची.
भिंगे, तीन. शाळेत बहिर्वक्र भिंग एकच,
मुलं सत्तेचाळीस.
खिडकीबाहेरचा मोबाईल टॉवर पुठ्ठ्यावर उलटा पडला
की पहिल्या बाकावर ओरडा होतो,
शेवटच्या बाकापर्यंत भिंग पोचेतो घंटा.
म्हणजे चार लागणार.
चौथी उष्णतेतून काढते.

मुख्याध्यापकांनी यादी दिली आहे, तीन रकान्यांची.
तिसऱ्याचं नाव त्यांनीच ठेवलं: काठावरचे.
एकोणीस जण.
यांना हमखास गुणांचंच शिकवा, बाई.
व्याख्या, आकृत्या, रचना, सूत्रात किंमत टाकणे.
सिद्धता नको, वेळ जातो, हाती काही लागत नाही.
बरोबरच आहे त्यांचं.
मागच्या वर्षी मीही तसंच केलं,
सतरांपैकी पंधरा तरले. पेढे मीही खाल्ले.
उरलेल्या दोघांचे हजेरी क्रमांक मला अजून पाठ आहेत.

तर लिहिते:
पायथागोरसचे प्रमेय. फक्त वापर. सिद्धता वगळावी.

आणि मल्लेश राठोड आठवतो.

मंगळवारी फळ्यावर तीन, चार, पाच लिहिलं
तर हा मागून म्हणाला,
बाई, हे आमच्या बापूंचं आहे.
बापू रबाळ्याच्या पुढे टॉवरवर गवंडी.
भिंतीचा कोपरा धरताना दोरीला गाठी मारतात,
तीन हात, चार हात, आणि तिरकी पाच बसली
की गुण्या न लावताही कोपरा खरा.
वर्ग हसला. मी म्हटलं, शाब्बास, बस.
तो बसला नाही.
पण बाई, पाचच का बसते?
बापूंना विचारलं, ते म्हणाले, बसते म्हणून बसते.

घंटेला सहा मिनिटं होती.
मी म्हटलं, ते तुम्हाला परीक्षेत नाही येणार.

तुम्हाला.
एक मुलगा उभा होता
आणि मी रकान्याला उत्तर दिलं.

आता हिशेब करत बसते.
काटकोनातून कर्णावर एक लंब.
आतले दोन त्रिकोण, लहान, पण मोठ्याच्याच तोंडवळ्याचे,
सख्खी भावंडं असावीत तसे.
तिथून पुढे पाच ओळी.
फळ्यावर एक तासिका, मल्लेशला कळेपर्यंत दीड.
तेवढ्यात रचनेचे तीन पक्के गुण बसतात त्याच्या पदरात,
आणि त्याला चौदा कमी पडू नयेत
ही जबाबदारी कुतूहल घेणार नाही,
मलाच घ्यावी लागेल.

खोडरबर सापडत नाही.
ओल्या बोटाने 'वगळावी' पुसते,
कागद जरा सोलवटतो.

मतदारयादीच्या शनिवारी
घणसोलीतली घरं नऊऐवजी अकराला सुरू केली तर?
वारलेलं माणूस दोन तासांनीही वारलेलंच असेल.
अठराचं झालेलं कदाचित अजून झोपलेलं.

लिहिते: शनिवार, सकाळी आठ. सगळे.
शैक्षणिक साहित्य: दोरी, बारा हात.
गाठी मल्लेश मारेल.

मूल्यमापनाचा रकाना तसाच सोडते.
दाढेखाली लवंग धरते
आणि उष्णतेतून काढलेली ती तासिका
परत कुठून भरायची ते शोधू लागते.