घोंगडी वगळून

एस्ब्येर्गच्या बंदरात मी क्रेन चालवतो.
पवनचक्कीचं ऐंशी मीटर लांब पातं
भर वाऱ्यात उचलतो, बोटीवर ठेवतो,
तान्ह्याला पाळण्यात ठेवावं तसं.
हात हलत नाही.

पण त्या शनिवारी, रीबेच्या पुढे,
पिवळ्या शेतांमागच्या एका गॅरेजात
गवत कापायचं यंत्र, रंगाचे डबे आणि मोडकी शिडी
बाजूला सारून ताडपत्रीचं टोक उचललं,
तर बोटं थरथरायला लागली.

लाल.
शिंपल्याच्या आत कुणी दिवा लावावा तसा लाल.
आणि बास ड्रम एका अंगानं चपटा,
हवा गेलेल्या टायरसारखा.
हाच.
हॅम्बर्गचा ट्रिक्सन.
इतका वेडावाकडा ड्रम जगात दुसरा नसेल,
आणि त्याच्यापायी इतका वेडा माणूसही.

सोळाव्या वर्षी दाढ काढायला गेलो होतो.
तिथल्या जुन्या मासिकातलं पान
खोकल्याचं सोंग करत फाडलं.
दाढ गेली, पान राहिलं.
पाकिटं बदलली, गावं बदलली,
लग्न झालं, मोडलं,
घड्यांवर कागद विरत विरत
लाल रंग विटकरी झाला.
त्या सकाळी तो जॅकेटच्या खिशात घातला,
ताडून पाहायला.

ताडून काय पाहणार!
मी चेहरा पाडला.
गुरांच्या बाजारात वडिलांनी हेच शिकवलं होतं:
गाय आवडली की शेपटीकडे बघायचं.
"गंज चढलाय," मी म्हणालो.
"दोन खिट्ट्या नाहीत. कातडी तर बदलावीच लागणार."
राग्नहिल्डबाई काठीवर हनुवटी टेकून ऐकत होत्या.
"घासाघीस करणारा माणूस उभा असतो," त्या म्हणाल्या.
"तुम्ही गुडघे टेकलेत."

खरंच की.
सिमेंटच्या गारठ्यात मी
कधी बसलो ते मलाच कळलं नव्हतं.

नऊ हजार क्रोनर.
मी तीनदा मोजले, त्यांनी मोजलेच नाहीत.
मग वाकून, बास ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून
त्यांनी ओढून काढली
एक करडी, कसरीनं खाल्लेली, लहान मुलाची घोंगडी.
"ही नाही विकायची."

"आम्ही खानावळीच्या वरच राहायचो.
खाली वाल्डेमार वाजवायचा, वर पोरं रडायची.
एका रात्री तरातरा खाली गेले,
पाळण्यातली घोंगडी ड्रममध्ये कोंबली,
म्हटलं, वाजव आता!
त्यानं एकदा पाय मारला, आणि म्हणतो कसा,
अगं, हाच! हाच आवाज मी शोधत होतो."

माझी गाडी टीचभर.
मागे बाकी सगळं रचलं, बास ड्रम पुढे, माझ्या शेजारी.
गाडीला वाटलं, माणूसच बसलाय;
पट्टा बांधेपर्यंत टुंग टुंग करत राहिली.
बांधला.
वाटभर स्नेअरच्या तारा आपल्याआपण झिणझिणत होत्या,
आणि वर्तुळाकार चौकात मला जे हसू फुटलं
ते थांबेना, वळण चुकलं,
पुन्हा फेरी, पुन्हा चुकलं,
मागचा ट्रकवाला हॉर्न मारतोय
आणि मी डोळे पुसतोय.

रात्री पावणेबाराला शेवटचा स्क्रू आवळला.
एकदाच, म्हटलं. एकदाच.
धुम्मम्मम्म...
कपाटातले कप बोलले,
खालच्या मजल्यावरचा कुत्रा उठला,
आणि आवाज संपायलाच तयार नाही,
रिकाम्या घरात पाहुणा रेंगाळावा तसा.

अंगातलं नारिंगी जॅकेट काढलं,
गोळा करून आत कोंबलं.
पुन्हा पाय ठेवला.
ढब्.
गोल, आखूड, ऊबदार.
खुर्चीतल्या खुर्चीत मी कितीतरी वेळ
नुसताच बसून राहिलो.

रविवारी फोन वाजला.
नमस्कार नाही, चमत्कार नाही.
"आत काय घातलंत?"
"कामावरचं जॅकेट."
पलीकडे जरा वेळ नुसता श्वास.
"खिसे रिकामे केलेत ना?"

केले नव्हते.
पान आतच होतं.
म्हटलं, राहू दे.