बारा आणि तेरा

नुत्सा, आधी स्विच पाड, कुलूप घाल.
किल्ली तुझ्याच खिशात. माझ्या नाही,
शिफ्टवाल्या ओतारच्या तर नाहीच नाही.
आता बस त्या उलट्या क्रेटवर.
दिवा विझलाय, पण आत
साडेपाचशे व्होल्ट अजून जागे आहेत,
कपॅसिटरचं पोट सावकाश रितं होतं.
दारावर लिहिलंय दहा मिनिटं. मी पंधरा धरतो.
तेवढ्यात चहा होतो,
खाली चिआतुराच्या दरीवरून
रोपवेचा एक पाळणा पलीकडे पोचतो,
आणि मँगनीजची काळी पूड
कपाच्या कडेवर येऊन बसते.

मग मीटर. आधी जिवंत तारेवर टेकव,
खरं बोलतो का बघ. मग इथे.
मग पुन्हा जिवंत तारेवर.
शून्य दाखवणाऱ्याची साक्ष
दोन्ही बाजूंनी तपासायची असते.

तोवर बघून घे, हात न लावता.
या बारीक तारा कंट्रोलच्या, चोवीस व्होल्ट,
जोडीने पीळ दिलेल्या, अंगावर जाळी.
जाळी पट्टीखाली चहूकडून आवळायची,
शेपटी वळून लोंबत ठेवायची नाही.
मोटरच्या जाड केबलपासून हातभर लांब.
ओलांडायचंच असेल तर काटकोनात,
शेजारून चालायचं नाही.
ती सेकंदाला हजारो वेळा किंचाळते
आणि या पोरी ऐकलं ते खरं मानतात:
कुणी काही म्हटलेलं नसतं,
आणि पट्टा वेग घेतो.

सुरू करायचं बटण सुटं असतं, दाबलं की जुळतं.
थांबायचं उलटं. ते जुळलेलंच असतं,
सारखं म्हणत राहतं, चालू दे, चालू दे.
दाबलं, किंवा उंदराने तार कुरतडली,
किंवा स्क्रू ढिला झाला, की गप्प होतं.
ते गप्प झालं की मोटर थांबते.
लामाराला हे एकदा समजावत होतो.
ती म्हणाली, यात काय नवीन,
पोरांच्या खोलीतला आवाज बंद झाला
की मी हातातलं टाकून धावायची.

आणि वीज जाऊन परत आली,
तर पट्ट्याने आपणहून निघायचं नाही.
कुणीतरी यावं, वाकून बघावं, मग बटण.

हं. हे बारा, हे तेरा.
नव्या इन्व्हर्टरवर इथे आयतीच एक तार येते,
लाल, बोटाच्या पेराएवढी.
तिची जुळी चौदा-पंधरात.
त्या काढायच्या, आणि त्या जागी
इमर्जन्सी स्टॉपच्या तारा आणायच्या, दोन वाटांनी,
म्हणजे एक फितूर झाली तरी दुसरी आहे.
न काढताही सगळं चालतं.
हीच तर मेख. झकास चालतं.

त्या फेब्रुवारीत तिसऱ्या पट्ट्याचा ओढदोर
बर्फाने भिजून उगाचच मोटर पाडत होता.
खाली वॅगनी ताटकळलेल्या.
ओतार फोनवर काय बोलला ते सोड.
लाल तारा परत लागल्या,
फक्त सकाळपर्यंत, असं ठरलं होतं.
पहाटे बादरीने दोर ओढला.
दोनदा ओढला. दुसऱ्यांदा
डाव्या हाताने.

आता तो बाजाराच्या तोंडाशी नार्दी खेळतो,
आणि वर जिंकतोही, लेकाचा.
रविवारी मी समोर बसतो. अकरा वर्षं झाली.
त्याने कधी विचारलं नाही, कुणी लावल्या.
फासे लांब घरंगळले
की मी उठून आणून देतो.

काय? हो, माझ्याकडेच आहेत दोन्ही,
चष्म्याच्या डबीत.
नको, दाखवत नाही.
किती झाली? चौदा?
थांब मग. अजून एक.
चहा संपव, आणि मीटर घे.
कुठे टेकवशील आधी?