पट्टा सोड

रोहुक्युलाच्या नाक्यावर
नारिंगी जाकिटातला माणूस खिडकीशी वाकला.
"कितीजण?"
"दोघी. आणि मागे एक शिवणयंत्र."
त्यानं गाडीभोवती फेरी मारली,
यंत्राकडे जरा जास्तच वेळ पाहिलं,
म्हणाला, "पट्टे सोडा.
पुढची गाडी ठिपक्याएवढी झाली की निघा."

विर्वेच्या परवान्याला आज अकरावा दिवस.
पट्टा. एकोणीस वर्षं हा एकच शब्द
मी तिच्या मागे लावला.
शाळेला निघताना, दातांच्या डॉक्टरकडे,
आणि तिच्या बापाच्या नव्या घरी सोडायला जाताना
दोन-दोनदा.
आज म्हटलं, सोड.
खटका सुटला,
दोघींच्या छातीवर एकदम काहीच उरलं नाही.

हिवाळ्यापुरता रस्ता.
दोन्हीकडे बर्फात खोचलेल्या जुनिपरच्या फांद्या,
खाली समुद्र,
आतून कडी लावून बसलेला.

पाटीवर लिहिलं होतं,
पंचविसाच्या आत चालवा, नाहीतर चाळिसाच्या वर.
मधल्या वेगानं बर्फाखाली लाट धरते
आणि बर्फ फुटतो.
मी आजवर सगळं मधल्याच वेगानं केलं,
लग्नसुद्धा.
हे तिला सांगितलं नाही.

"कुठला धरू?"
"तुझं तू बघ."
काटा चाळिसापलीकडे गेला.
पाच किलोमीटर, आठ,
काचेत नुसता पांढरा उजेड, आणि विर्वेची जीभ
ओठांच्या कोपऱ्यात, लहानपणी चित्र रंगवताना असायची तशी.

मग बर्फ बोलला.
कुणी मांजरपाटाचं अख्खं ठाण
या टोकापासून त्या टोकापर्यंत टरकावं, तसा.
माझा हात खांद्यापाशी गेला,
पट्टा चाचपत,
रिकामाच परत आला; मग मी तो केसांवरून फिरवला.
तिनं पाहिलं. हसली नाही.
रेडिओ तेवढा बंद केला.

हीउमा आधी पेन्सिलीची पुसट रेघ,
नंतर रेघेला झाडं फुटली, एका झाडाला धूर.
चाकं धक्क्यावर चढली.
लाव आता, म्हणायला तोंड उघडलं
तर तिचा कधीच लागलेला,
माझाच लोंबत होता.

साल्मेमावशीनं धुरावलेला मासा काढला,
काळा पाव कापला,
यंत्राचं चाक एकदा फिरवून बघितलं.
खिडकीत तिची दुर्बीण उभीच होती.
"निघाल्यापासून बघतेय तुम्हाला.
मध्येच हळू कशाला झालात गं?"

विर्वे म्हणाली, "वाटेत हंस बसला होता."

हंस नव्हता.
काटा बत्तिसावर होता, मी पाहिला होता,
आणि श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नव्हता.

"केवढा होता?" मावशीनं विचारलं.
विर्वेनं दोन्ही हात पसरले.
मी माशाचे काटे काढत म्हटलं,
"छे, त्याहून मोठा."