ह्यात गावता काय?

दांडा अँटेनाच्या नळीचा.
हीच नळी दुमिंगच्या कौलांवर वीस वर्षं
पणजीकडे तोंड करून बातम्या ओढत होती.
आत भेरल्या माडाची काठी ठोकून बसवली,
वरून सायकलची ट्यूब, ओल्या हातांसाठी.
डाव्या टोकाला लाल टेप, उजव्याला निळी,
कारण पतंग अंगावर आला की माणूस
आधी डावं-उजवं विसरतो.

दोऱ्या चार. प्रत्येकी बावीस मीटर.
सुरूच्या खोडात खिळा मारून ताणल्या,
तर डावी दोन बोटं जास्त.
दोन बोटांचं काय एवढं, मी म्हटलं,
ब्लाउजात दोन बोटं मी रोज लपवते.
दुमिंग म्हणाला, वारा गिऱ्हाईक नाही.
गाठ सोडली. परत बांधली.

पहिली चाचणी फणसावर.
फांदीला सगळं उलटं टांगलं, खाली जांभ्याचे चिरे,
चिरा पंचवीस किलोचा धरून.
एक चिरा: गाठ आवळली.
दोन: कप्पी कुरकुरली, खोबरेल घातलं.
तीन: म्हणजे मी, आणि माझे ओले कपडे.
आता सोड, दुमिंग म्हणाला.

कडी सुटली नाही.

रिकामी होती तेव्हा टिचकीने उघडायची.
चहा पितापिता शंभरदा उघडली होती मी.
ओझं आलं आणि तिने दात आवळले.
मी लोंबकळले, तरी नाही.
दुमिंगने उजवा हात खिशात घातला.
त्या हाताला तीन बोटं आहेत.
ट्रॉलरच्या विंचवर दोर उशिरा सुटला,
एवढंच तो सांगतो.
किती उशिरा, ते मी विचारलेलं नाही.

रात्री त्याच्या पडवीत कानस चालू होती.
सकाळी पिनेचं तोंड उतरतं, गुळगुळीत,
नव्या साबणाच्या कडेसारखं.
तीन चिरे. सुटली.
चार चिरे. सुटली, आणि चौथा चिरा फुटला,
जो आमच्या न्हाणीची पायरी होता.
आई दोन दिवस बोलली नाही.
वीस वेळा. भिंतीवर कोळशाच्या वीस रेघा.
एकविसाव्यांदा त्याने स्वतः खेचली,
उजव्या हाताने.

अडीचला तोंडवळीला वायव्येचा वारा उभा राहतो.
रापण ओढून झाली होती,
माणसं सुरूखाली, कावळे वाळूवर.
मी पट्टा बांधला, टाचा रोवल्या, मागे रेलले,
आणि ओळखीचं वाटलं.
काका असेच रेलायचे,
त्यांच्या दोराला समुद्र असायचा.

पतंग उठला, छत्रीच्या काळ्या ठिगळासकट.
डावीकडे ओढलं, डावीकडे गेला.
उजवीकडे. गेला.
नळीत काहीतरी गुणगुणायला लागलं.
पणजी असेल.

रघू तांडेल विडी विझवून जवळ आला,
मान मोडेपर्यंत वर बघत राहिला.
"ह्यात गावता काय?"
सांगायला तोंड उघडलं
तोच वाऱ्याने हिसका दिला.
पाय गेले. वाळूत नांगरासारखी मी
दहा पावलं, पंधरा, शिंपले, पाणी,
दांडा निळ्या बाजूला, की लाल,
दुमिंग ओरडला नाही, त्याने नुसता हात वर केला,
तो हात.

खेचली.

पतंग एका दोरीवर लटपटला,
आणि ओल्या गोधडीसारखा लाटेच्या कडेला पडला.
दातांत वाळू. एक चप्पल गेली.
दुमिंग पाठ करून उभा होता,
समुद्रात काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखा.

"सुटला?" तांडेलाने विचारलं.
सुटलं.
"मगे बरा."
तो उकिडवा बसला, न सांगता दोर गुंडाळायला लागला,
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा,
मग थांबला, दोन दोऱ्या शेजारी धरून
टोकं जुळवून पाहिली.
"ही डावी," तो म्हणाला,
"बोटभर लांब आसा."