अठरा हजार फूट

माझा नवरा तांब्याचा माणूस.
एकतीस हिवाळे डुलुथच्या खांबांवर चढला,
बोटं बधिर झाली तरी सांधा हातमोजे काढूनच जोडायचा.
तो गेला, आणि त्याच्या पेन्शनच्या पैशांतून मी
फोनच्या तारेतून इंटरनेट देणाऱ्या कंपनीचे
चारशे शेअर घेतले. भाव बावीस डॉलर.

मुलगा म्हणाला, केबल घे, आई.
फुटबॉल येतो त्याच वायरीतून जग येईल.
शेजारचा आर्विड छपरावरच्या तबकडीतलं बर्फ
झाडूने पाडता पाडता ओरडला,
"आकाश घे, व्हर्ना! आकाशाला खणावं लागत नाही."

मी तांबंच घेतलं.
मग जोडणीसाठी फोन केला. पोरगी गोड बोलली:
एक्स्चेंजपासून अठरा हजार फुटांपर्यंतच पोचतं, बाई,
तुमचं घर एकोणीस हजारांवर.
म्हणजे मी मालकीण,
आणि माझीच कंपनी माझ्या दारापर्यंत येईना.
ऑर्विन असता तर
खांब मोजून आधीच सांगितलं असतं त्याने.

भाव नव्वदवर गेला. विकले नाहीत.
चाळीस सेंटवर आला. तेव्हा घेतंय कोण?

या मेमध्ये नारिंगी जाकिटातली पोरं आली,
रस्त्याकडेला काच पुरायला.
केसाएवढी काच, म्हणे, उजेड वाहून नेते.
जुनी तार उपटून ट्रकमध्ये फेकत होती.
भंगारात पौंडाला सत्तर सेंट,
शेअरपेक्षा बरा भाव.
मी कॉफी दिली, दोन वाव तार मागून घेतली.

परसात तिच्यावर वाटाणा चढतोय.
गंजेल ती, आर्विड कुंपणावरून म्हणाला.
तांबं गंजत नाही रे,
हिरवं पडतं.