दोन बोटं जागा

वरिष्ठ हा शब्द सगळ्यात जास्त रंग खातो,
बाप सांगायचा.
त्या ष्ठचं पोट भरता भरता ब्रश दोनदा बुडवावा लागतो.
कनिष्ठलाही तेवढाच लागतो खरं तर,
पण कनिष्ठाच्या दाराला पाटी कोण लावतं.

भुसावळला रेल्वेत पाट्या रंगवायचा तो,
सुपडू लक्ष्मण तायडे.
हजेरीपुस्तकात खलाशी,
खलाशीच्या पुढे कंसात हंगामी.
एकोणीस वर्षं त्या कंसातून बाहेर आला नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत मी सोबत जायची
निळीच्या दोऱ्याचं एक टोक धरायला.
दोरा ताणून टणकन सोडला की पत्र्यावर रेघ उठायची
आणि त्या रेघेला बाप एकेक साहेब टांगायचा,
सहायक, अपर, मंडल, मुख्य.
शेहेचाळीस डिग्रीत रंग ब्रशवरच आटायचा,
मुख्यचा ख्य कोरडाच ओढावा लागायचा.

हुद्दा पक्क्या एनॅमलनं काढायचा तो,
नाव साध्या रंगानं.
हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं.

एकदा फालकसाहेबांचा शिपाई धावत आला,
पेंटर, साहेबांचं प्रमोशन झालं,
उप तेवढा पुसून टाक, दोन मिनिटांचं काम.
बाप म्हणाला, उप पुसतो भो,
पण त्याची जागा कशानं पुसू?
दोन बोटं रिकामी ऱ्हातीन,
सारी पाटी एकीकडे कलंडेल.
नवी करू दे. परवा देतो.
परवापर्यंत कोण थांबतं,
पेढे आलेले होते.
टर्पेंटाइनच्या बोळ्यानं दोन अक्षरं गेली
आणि स्टेशन अधीक्षक
पत्र्याच्या उजव्या कडेला रेलून उभे राहिले.
दिवाळीपर्यंत तसेच.
आत जाणारा प्रत्येक जण आधी त्या दोन बोटांकडे बघायचा,
मग चपला काढाव्यात की नको ते ठरवायचा.

पाटी हवी असली की बाप सुपडूभाऊ.
झाली की पेंटर.
ओघळ आला की अय.

पंधरा बंगल्याच्या मागच्या नळावर
हंडे नवऱ्यांच्या ग्रेडप्रमाणे लागायचे,
बाबूची बाई, गार्डाची बाई, फिटरची बाई,
मग उरलं पाणी तर आई.
कुणाकडे लग्न निघालं, दारावर सुस्वागतम हवं झालं,
की आईचा हंडा आपोआप चार जागा पुढे सरकायचा.
हळद उतरेपर्यंत.
आई म्हणायची, तुझ्या बापापेक्षा मले लवकर बढती भेटते,
उतरते बी लवकर.

पुढे तो कायम झाला.
कंस गेला, खलाशी गेलं,
पेंटर, श्रेणी तीन.
स्वतःच्या नावाची पाटी मात्र कधी केली नाही,
आमच्या क्वार्टरच्या दारावर नुसता नंबर होता, तोही खडूनं.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ,
बंद पडलेलं घड्याळ (सेल घालायचे राहिले होते)
आणि फ्रेम केलेलं मानपत्र.
साहेब वाचत होते, मी मागून बघत होते,
साहेबांनी पेंटर म्हटलं
पण टाइप केलेलं होतं पंटर.
श्री. सुपडू लक्ष्मण तायडे, पंटर, श्रेणी तीन.

घरी आल्यावर त्याला दाखवलं.
चष्मा पुसून दोनदा वाचलं त्यानं
आणि पोट धरून हसला,
साऱ्या जन्मात पत्त्याले हात नही लावला पोरी,
अन् जाता जाता पंटर करून टाकलं मले!
श्रेणी बी देल्ही वरून!

मग फ्रेमच्या मागचे खिळे उचकटले.
झिरो नंबरचा ब्रश, काळा एनॅमल,
श्वास रोखून
प वर एक मात्रा.
सरकारी कागदावर त्यानं न विचारता काढलेली
तेवढी एकच रेघ.

आता तो नाही. मानपत्र माझ्याकडे आहे,
जळगावला, फ्रीजच्या वर.
टाइपची शाई विटून तपकिरी झाली,
साहेबांची सही तर वाचताच येत नाही.
मात्रा तेवढी चकाकते अजून,
जरा तिरकी,
हात थरथरायला लागला होता त्याचा तेव्हा.