बी बाजू

सातपूरच्या गोदामात
द्राक्षांचे रिकामे क्रेट रचून, त्यांच्या आड
ही कॅसेट भरली.
पंखा बंद. मे महिना.

मुखडा यादव निरभवण्यांचा,
डफ छबूनानांचा.
झीलकरी तिघे. कव्हरावर फक्त ‘आणि साथीदार’.
त्यातला एक माझा बाप.

तिसऱ्या कडव्यात यादवरावांना ढास लागली.
मशीन चालू, भाडं तासावर.
तेव्हा दीड ओळ
बापानं एकट्यानं उचलली,
वरच्या पट्टीत, जराशी बेसूर.

भद्रकालीतला रेडिओवाला आहिरे
पेन्सिलीनं फीत गुंडाळत म्हणाला,
नेमकी इथंच झिजलीय.
एवढ्यांदा कोणी ऐकली?

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत सापडली.
घरात तर ती म्हणायची,
बंद करा तो आरडाओरडा.